इंजिनिअरिंगच्या फीसाठी १५ लाखांचं कर्ज काढावं का?

नमस्कार. उत्तर देण्याआधी तुमची परिस्थिती माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही फरक असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुम्ही घणसोली गावात राहता, महापे एमआयडीसीत सुपरवायझर आहात, पत्नी घरी शिवणकाम करतात. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ७ लाख ६० हजार. प्रवर्ग ओबीसी, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर दोन्ही हातात आहेत. मुलीला कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, नवी मुंबईतल्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळालंय. फी १ लाख ६० हजार. त्यात शिक्षण शुल्क १ लाख ४० हजार, विकास शुल्क १४ हजार आणि बाकी किरकोळ. तिला मात्र कॉम्प्युटरच हवंय, आणि एक एजंट म्हणतोय की एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठात वर्षाला ३ लाख ७५ हजारांत कॉम्प्युटर मिळवून देतो, वर १५ लाखांचं कर्जही ‘करून देतो’. धाकटा मुलगा अकरावीत आहे. तुमचे प्रश्न तीन: कर्ज कुठून घ्यावं, घरावर कर्ज मिळेल का, आणि शिष्यवृत्ती घेतली की कर्ज मिळत नाही हे खरं आहे का.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं ठाण्यात. निवृत्तीनंतर प्रवेशाच्या दिवसांत पालकांना कागदपत्रांसाठी मदत करते. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण ‘कोणतं कर्ज’ ही नाही. फी आत्ता भरायची आहे, सरकारी सवलतीचे पैसे उशिरा येणार आहेत आणि मुलीचा पगार सुरू व्हायला किमान चार वर्षं आहेत. या तीन वेळा एकमेकींशी जुळत नाहीत. पालक घाबरतात ते या मधल्या पोकळीला, आणि घाईघाईत पोकळीच्या तिप्पट-चौपट कर्ज काढून बसतात. म्हणून आधी सवलत किती मिळते ते ठरवायचं आणि उरलेल्या खड्ड्यापुरतंच कर्ज उचलायचं. हा क्रम उलटा झाला की हिशोब कधीच बसत नाही.

आता सवलतीचं बघू, कारण तुमच्या बाबतीत सगळं त्यावर फिरतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं लागतं आणि प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातली, म्हणजे संस्थास्तरावरची जागा घेतली तर ही सवलत नाही. अभिमत विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. एजंट तुम्हाला हे सांगणार नाही. तुमच्या मुलीची कॅपची जागा म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजारांची, चार वर्षांत ५ लाख ६० हजारांची सवलत आहे. ती सोडून अभिमत विद्यापीठात जायचं तर फीतला फरक धरून या सवलतीचीही किंमत त्या निर्णयात मोजावी लागेल.

‘१०० टक्के माफी’ म्हणजे शून्य फी नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या. माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क आणि इतर शुल्क तुम्हालाच भरायचं आहे. तुमच्या आकड्यांनुसार ते वर्षाला साधारण २० हजार. प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर हे ऐकून पालक चिडतात आणि कॉलेजने फसवलं असं म्हणतात. कॉलेजने शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या फीचा तक्ता लावलेला असतो. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं दाखवलेलं असतं. तो तक्ता मागा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. त्याच्या बाहेरचं काही मागितलं तर पावती मागा. पावतीशिवाय एक रुपयाही कुणाच्या हातात देऊ नका, एजंटच्या तर मुळीच नको. आणि मुलीची मूळ प्रमाणपत्रं ‘जागा पक्की करायला’ कुणी ठेवून घेत असेल तर सरळ नाही म्हणा. महाविद्यालयांनी मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने स्पष्ट सांगितलेलं आहे.

पैसे मिळण्याची वाट राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरून जाते. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी तिथे इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या योजनांखाली अर्ज करायचा. अर्ज भरणं अवघड नाही. तो अडकतो नंतर, आणि साधारण दोनच ठिकाणी. पहिलं ठिकाण कॉलेजचं लॉगिन. तुमचा अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाकडे पडताळणीला जातो, आणि तिथे तो आठवडेच्या आठवडे पडून राहू शकतो. मुलीला सांगा, अर्ज भरल्यावर दर आठवड्याला स्थिती बघायची आणि ‘पेंडिंग अॅट इन्स्टिट्यूट’ दिसलं की विद्यार्थी विभागात जाऊन उभं राहायचं. दुसरं ठिकाण बँक खातं. खातं आधारशी ‘लिंक’ असणं पुरेसं नाही. सरकारी पैसे आधारशी एनपीसीआयच्या (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या) नोंदीत जोडलेल्या खात्यात जातात, आणि ती जोडणी शेवटी ज्या खात्याशी केली असेल त्याच्याशी राहते. मुलीच्या नावाने मध्येच कुणीतरी मोबाइलवर दुसरं खातं उघडलं असेल तर शिष्यवृत्ती तिकडे जाऊन बसते आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ कोणत्या खात्याला आहे एवढं आधी तपासून घ्या.

पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, अशा सरकारच्या सूचना आहेत. प्रत्यक्षात कॉलेजाकॉलेजात फरक पडतो. काही जण हमीपत्र लिहून घेतात, काही जण आधी काही रक्कम भरायला लावतात आणि शिष्यवृत्ती आली की परत देतात. तुमच्या कॉलेजची पद्धत काय आहे हे फोनवर विचारू नका, अकाउंट्स विभागात प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि शक्य तर मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या एखाद्या मुलीच्या पालकांशी बोला. पहिल्या वर्षी हातात किती रोख लागेल हे या एका उत्तरावर ठरतं.

आता तुमच्या प्रकरणातला नाजूक भाग. तुमचं उत्पन्न ७ लाख ६० हजार आहे आणि मर्यादा ८ लाखांची. ही सवलत दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. पुढच्या वर्षी पाच-सहा टक्के पगारवाढ झाली, पत्नीला शिवणाचं काम थोडं जास्त मिळालं, तर तुम्ही ८ लाखांच्या पलीकडे जाल. तेव्हा पहिल्या वर्षी माफी आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण फी ही शक्यता धरूनच नियोजन करा. तुमच्यासाठी कर्जाचा खरा उपयोग इथे आहे. त्याकडे पुढे येते.

इथे कुणीतरी तुम्हाला हमखास सांगेल, ‘अहो, दाखल्यावर उत्पन्न थोडं कमी दाखवा, पत्नीचं दाखवूच नका.’ तसं करू नका. चुकीचं आहे हे तर आहेच, शिवाय ते टिकत नाही. कर्जासाठी बँकेत गेलात की तुम्ही फॉर्म १६ आणि विवरणपत्र देता, आणि हप्ता परवडतो हे दाखवायला पत्नीचं उत्पन्नही सांगता. तहसीलदारांकडे एक उत्पन्न आणि बँकेत दुसरं, असे दोन कागद एकाच घरातून निघाले की पुढे कुठल्याही पडताळणीत अडचण मुलीला होते. दोन्हीकडे तोच आकडा द्या.

दाखल्याबद्दल आणखी थोडं, कारण नवी मुंबईत यात हमखास गोंधळ होतो. घणसोली ठाणे तालुक्यात येते, म्हणून तुमचा उत्पन्नाचा दाखला ठाण्याच्या तहसीलदारांचा. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणेकरांनाही तेच लागू आहे. पण खारघर, कामोठे, कळंबोलीत राहणाऱ्यांचा तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. ‘आम्ही सगळे नवी मुंबईकर’ म्हणून चुकीच्या तालुक्यात अर्ज टाकला की तो परत येतो आणि प्रवेशाच्या गर्दीत आठवडा जातो. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करा, तालुका बघून. आणि नॉन-क्रिमिलेअर आहे म्हणून उत्पन्नाचा दाखला लागणार नाही असं गृहीत धरू नका, दोन्ही तयार ठेवा.

याशिवाय नवी मुंबई महापालिकेचा समाजविकास विभाग पालिका हद्दीतल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचे अर्ज मागवतो. तुमचं घर जुन्या गावातलं आहे, म्हणून कुटुंबाच्या नावावर प्रकल्पग्रस्त दाखला आहे का तेही घरातल्या मोठ्यांना विचारा. रक्कम लहान असेल, पण लॅपटॉपचा किंवा पुस्तकांचा भार त्यातून हलका होऊ शकतो. मात्र एकाच शुल्कासाठी दोन सरकारी योजनांचा लाभ घेता येत नाही, म्हणून अर्जातल्या अटी नीट वाचा.

आता कर्ज. ‘शिष्यवृत्ती घेतली की कर्ज मिळत नाही’ हे खरं नाही. शिष्यवृत्ती असेल तर बँक तेवढी रक्कम तुमच्या गरजेतून वजा करते किंवा तुमच्या हिश्श्यात धरते, एवढंच. या गैरसमजामागे एक खरी गोष्ट आहे, तीही सांगते. केंद्र सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजना ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झाली. तिच्यात एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या चांगल्या संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना बिनतारण, बिनजामीन कर्जाची सोय आहे. शिवाय ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ही व्याज सवलत दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ मिळणाऱ्यांना नाही. म्हणजे कर्ज मिळतं, फक्त त्यावरची ती ३ टक्क्यांची मदत मिळत नाही. तुमच्यासाठी यात विचार करण्यासारखं फार नाही. एका बाजूला वर्षाला १ लाख ४० हजारांची माफी, दुसऱ्या बाजूला काही हजारांची व्याज सवलत. माफीच घ्यायची. ज्या वर्षी उत्पन्न ८ लाखांवर गेल्यामुळे माफी जाईल, त्या वर्षी ही व्याज सवलतही त्याच मर्यादेमुळे जाईल, हेही ध्यानात ठेवा. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी केंद्राची शिक्षणकाळातल्या पूर्ण व्याजाच्या सवलतीची वेगळी योजना आहे, पण तुमचं उत्पन्न तिच्यात बसत नाही. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे. कर्ज उचलायची वेळ आलीच तर महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात तिची चौकशी जरूर करा.

बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्जाची चौकट अशी आहे. ४ लाखांपर्यंत तारण नाही, बाहेरचा जामीनदार नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार, बस. ४ लाखांपर्यंत बँकांनी तारण मागू नये हे रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज केंद्राच्या पत हमी योजनेखाली (कर्ज थकलं तर बँकेला सरकारी हमी) तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय देता येतं. मात्र ४ लाखांवर गेलं की देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के हिस्सा तुमचा. साडेसात लाखांच्या वर साधारणपणे मालमत्ता तारण लागते. व्याज बाजाराप्रमाणे बदलतं असतं. बऱ्याच बँका मुलींना अर्धा टक्का सूट देतात, आणि शिकत असतानाच व्याज भरत राहिलात तर अनेक ठिकाणी एक टक्का आणखी. परतफेड अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते आणि १५ वर्षांपर्यंत चालू शकते.

एजंटच्या १५ लाखांचा हिशोब आता मांडते, तोही सौम्य धरून, १० टक्क्यांनी. बिनतारण १५ लाख देणाऱ्या वित्त कंपन्यांचा दर बहुधा याहून जास्तच असतो. दर वर्षी ३ लाख ७५ हजार उचलले. पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन. सरळ व्याज धरलं तरी हप्ता सुरू व्हायच्या दिवशी ५ लाख २५ हजार व्याज साचलेलं असतं. ते मुद्दलात मिळवलं जातं आणि १५ लाखांचे २० लाख २५ हजार होतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळजवळ २६ हजार ८००, एकूण ३२ लाखांच्या वर. पंधरा वर्षं केलीत तर हप्ता २१ हजार ८०० च्या आसपास येतो, पण एकूण भरणा ३९ लाखांवर जातो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलीच्या हातात किती पडेल हे सांगता येत नाही. पण तिच्या पगारातून २६ हजार आधी वजा करून बाकीचं आयुष्य कसं उभं राहील, याचा विचार आज तुम्हाला करायला हवा. आणि मुख्य कर्जदार ती आहे. हप्ते थकले तर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद तिच्या नावावर लागते, आणि सहकर्जदार म्हणून तुमच्याही.

तुमच्या घरावर कर्ज मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. घर गावठाणातलं आहे, आजोबांच्या नावावर आहे, नकाशा मंजूर नाही. बँकेचे वकील अशा घराच्या कागदांवर सहसा होकार देत नाहीत. गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेली घरं, भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या कळवा-दिव्यातल्या इमारती, सगळ्यांचं हेच होतं. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर रीतसर फ्लॅट असला तरी तारणासाठी सिडकोचं ना हरकत पत्र लागतं, आणि ते प्रवेशाच्या तारखेआधी हातात पडेलच असं नाही. प्रकल्पग्रस्तांना मिळणाऱ्या साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडात तुमचा वाटा असेल तर त्यात भाऊबंदांच्या सह्या आल्या. अठरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी हा सगळा पसारा उभा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो उभा राहतो तेव्हा प्रवेशाची मुदत उलटून गेलेली असते.

मग तुम्ही काय करावं? कॅपची जागा घ्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून चारही वर्षांच्या पूर्ण फीचं, अधिक लॅपटॉपचं, साधारण ७ लाखांचं कर्ज मंजूर करून ठेवा. वर्षाला १ लाख ६० हजारांप्रमाणे ६ लाख ४० हजार आणि लॅपटॉपचे ६० हजार. ही रक्कम पत हमी योजनेच्या साडेसात लाखांत बसते, घर किंवा जामीनदार काहीच लागत नाही. शैक्षणिक कर्जात मंजूर रक्कम आणि उचललेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक सगळे पैसे एकदम देत नाही. दर वर्षी किंवा दर सत्राला कॉलेजच्या मागणीपत्रानुसार थेट कॉलेजच्या खात्यात भरते, आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. मंजुरी सात लाखांची असली आणि तुम्ही ८० हजारच उचलले, तर व्याज ८० हजारांवरच. पालकांना हे बऱ्याचदा कुणी सांगतच नाही. म्हणून ते एकतर कर्जाला घाबरून सावकाराकडे जातात, नाहीतर मंजूर झालंय म्हणून सगळं उचलतात.

आता सर्वात वाईट परिस्थिती धरू. पहिल्या वर्षी माफी मिळाली, तुम्ही फक्त लॅपटॉप आणि विकास शुल्क वगैरेसाठी ८० हजार उचलले. दुसऱ्या वर्षापासून उत्पन्न ८ लाखांवर गेलं आणि तिन्ही वर्षं पूर्ण फी कर्जातून भरली. तेव्हा एकूण उचल ५ लाख ६० हजार, साचलेलं व्याज १ लाख ८४ हजार, आणि दहा वर्षांचा हप्ता महिन्याला ९ हजार ८०० च्या आसपास. हे एका नव्या नोकरदार मुलीला झेपण्यासारखं आहे. आणि माफी चारही वर्षं मिळाली तर उचल एवढी लहान राहील की शिकत असतानाच तुमच्या पगारातून ती फिटेल. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी परतफेड केली तर बँक दंड घेऊ शकत नाही, तेव्हा हातात पैसे आले की भरत जा. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आली आणि तोवर फी कर्जातून भरली असेल, तर ती रक्कम त्याच दिवशी कर्ज खात्यात भरा. घरखर्चात मिसळली की ती परत बाहेर निघत नाही, हे मी खूप घरांत पाहिलंय.

मंजुरी एवढी मोठी का ठेवायची, तर दुसऱ्या वर्षी ऐन वेळी नवीन अर्ज करायला लागू नये म्हणून. तुमचा मुलगाही दोन वर्षांत याच रांगेत उभा असेल. ओबीसी मुलांना शिक्षण शुल्काची सवलत ५० टक्के आहे, १०० नाही. म्हणजे त्याच्या वेळी तुम्हाला कर्जाची गरज आजच्यापेक्षा जास्त लागू शकते. आज १५ लाखांत स्वतःची पत अडकवलीत तर त्याच्यासाठी सहकर्जदार म्हणून तुम्ही उभे राहू शकणार नाही.

कॉम्प्युटरचं काय, हा मुलीचा प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळत नाही. मी इंजिनिअर नाही, त्यामुळे शाखेची तुलना तिने तिच्या शिक्षकांशी बोलून करावी. पण पैशाच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. कॅपच्या पुढच्या फेऱ्या शिल्लक असतील तर मिळालेली जागा हातात ठेवून बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी चांगल्या जागेसाठी, कॉम्प्युटर आणि आयटीचे पर्याय भरता येतात. कॉलेज थोडं लांबचं असलं तरी चालेल, लोकलचा विद्यार्थी पास ३ लाख ७५ हजारांपेक्षा फार स्वस्त आहे. पर्याय भरताना टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) जागाही बघा. तिथेही शिक्षण शुल्क माफ असतं, उत्पन्नाची अट ८ लाखांचीच, पण त्यांचे चॉइस कोड वेगळे असतात आणि ते मुद्दाम भरावे लागतात. माफी प्रवेशालाच जोडलेली असल्यामुळे तुमच्यासारख्या मर्यादेच्या काठावरच्या कुटुंबाला ती जागा फार उपयोगी, मात्र तिथे गुणवत्तेची चुरस जास्त. दुसरी गोष्ट, एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमांत मुख्य शाखेबरोबर जादा श्रेयांक करून दुसऱ्या विषयात मायनर पदवी घेता येते. तुमच्या कॉलेजात कॉम्प्युटरशी संबंधित कोणतं मायनर चालतं, हे प्रवेशाआधी विचारा. अभिमत विद्यापीठ वाईटच असतं असं मी म्हणत नाही. घरात पैसा असेल, उत्पन्न ८ लाखांच्या बरंच वर असेल आणि सवलत तशीही मिळणार नसेल, तर माझा सल्ला वेगळा असता. तुमच्या घरात मात्र एका शाखेच्या नावासाठी ३२ लाख मोजावेत असं मला वाटत नाही.

एजंट ‘टॅक्स वाचेल’ असंही म्हणाला असेल. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, रकमेला मर्यादा नाही, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत आज करच बसत नाही, त्यामुळे त्या वजावटीला तुमच्यासाठी अर्थ नाही. पुढे मुलगी स्वतः हप्ते भरेल तेव्हा ती तिचं बघेल.

बँकेत जायच्या आधी स्वतःचा सिबिल अहवाल काढून बघा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. जुन्या मोबाइलच्या हप्त्याची चारशे-पाचशे रुपयांची थकबाकीही प्रकरण अडवते, आणि ती आधी फेडून ना-देय दाखला घेतलेला बरा. बरोबर न्यायचे कागद: अलॉटमेंट लेटर, कॉलेजचं चारही वर्षांचं फीचं पत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं गुणपत्र, तुमचा फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक विवरण. मुलगी अजून अठराची झाली नसेल तरी अडत नाही. कागदांवर तुम्ही सही करता आणि ती सज्ञान झाल्यावर बँक तिची संमती घेते. शाखा घराजवळची निवडा, म्हणजे दर सत्राला उचल करायला सोपं जातं. जिथे तुमचा पगार जमा होतो तिथे आधी विचारा. व्याजदराइतकंच बारकाईने बघा की प्रोसेसिंग फी आहे का, शिक्षणकाळात व्याज सरळ लागतं की चक्रवाढ, आणि कर्जाबरोबर विम्याचा हप्ता गळ्यात घालताहेत का. विमा घ्यावा की नाही हे तुम्ही ठरवा, पण त्याची रक्कम कर्जात मिसळलेली असेल तर तिच्यावरही व्याज लागतं हे कळून घ्या.

शाखेतून तोंडी ‘आमच्याकडे होत नाही’ असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केलात तर त्याची नोंद राहते आणि शाखेला काहीतरी लेखी उत्तर द्यावं लागतं. नकाराचं कारण लेखी मागा, मग बँकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी लागत नाही. बहुतेक वेळा विभागीय कार्यालयातूनच काम होतं.

आता तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. मुलीच्या अलॉटमेंट लेटरवर ‘सीट टाइप’ या रकान्यात काय लिहिलंय ते जसंच्या तसं पाठवा. आणि तुमच्या ताज्या उत्पन्नाच्या दाखल्यावर कोणतं आर्थिक वर्ष आहे तेही कळवा. जागा संस्थास्तरावरची निघाली किंवा दाखला जुन्या वर्षाचा असेल, तर वरचा माफीचा सगळा हिशोब बदलतो, आणि मग प्रवेशाची फी भरायच्या आधीच आपल्याला दुसरी वाट बघावी लागेल.